कौलांवरची अँटेना

तानसा-भातशाचे पाणी आमच्या शहापुराहून मुंबईस जाते. मुंबईने उलट काय धाडले, असे कोणी पुसले तर मी सांगेन, चित्रे!

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालेले दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत आले. १९७६ साली आकाशवाणीपासून विभक्त झाले. माझ्या लहानपणी वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेले चित्र डोंगर ओलांडून येईतो त्याच्या मुंग्या झालेल्या असत. मी कौलांवर चढून अँटेना फिरवी. खालून वडील ओरडत, "थांब, आलं!"

वडिलांना अक्षरओळख नव्हती. पण 'आमची माती, आमची माणसं' त्यांनी कधी चुकवले नाही. भातावरच्या किडीविषयी तिथे ऐकलेले ते मुरबाडच्या बाजारात चारचौघांना सांगत, आणि शिकलेली माणसेही ऐकून घेत.

१९९७ साली दूरदर्शन प्रसार भारतीकडे गेले. आज माझ्या विद्यार्थ्यांच्या खिशात शेकडो वाहिन्या आहेत. मात्र ज्यातून कोणाला नफा नाही, त्या भाताच्या किडीची चौकशी कोणी करावी? ती सार्वजनिक वाहिनीनेच करायची. तिच्यामुळेच तर माझे निरक्षर वडील बाजारात मान वर करून बोलत!