मोगलीच्या अरण्यातील गोंड

मोगली ज्या अरण्यात वाढला ते नागपूरकरांस परके नाही. रुडयार्ड किपलिंगने १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये वर्णिलेल्या सिवनीच्या टेकड्या येथून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर आहेत आणि शेरखान जिच्या काठी वावरतो ती वैनगंगा पुढे भंडारा, गडचिरोली या आपल्याच जिल्ह्यांतून वाहते. हा सारा मुलूख गोंडांचा. नागपूर शहर वसविले तेही गोंड राजा बख्त बुलंद शाह यानेच.

पण डिस्नेने १९६७ साली काढलेल्या ‘जंगल बुक’ या व्यंगचित्रपटात गोंड कोठेही नाही. सुमात्रा आणि बोर्निओ येथील ओरांगउटान मात्र आहे. वानरांचा राजा म्हणून तो नाचतो, गातो. माणसांचे प्रतिनिधित्व करावयास मोगलीखेरीज केवळ एक मुलगी अखेरीस पाणवठ्यावर घागर घेऊन येते. तिचे गाव कोणते, बोली कोणती, याची पंचाईत चित्रकारांनी केलेली दिसत नाही.

मुलांच्या करमणुकीकडून एवढी अपेक्षा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु किपलिंगसारख्या साम्राज्याभिमानी लेखकानेही १८९५ च्या दुसऱ्या भागात गोंडाला स्थान दिले होते. अरण्य गावावर चालून येऊ लागते तेव्हा भेदरलेले गावकरी गोंड शिकाऱ्यास सल्ला विचारतात. तो मुकाट्याने कारल्याचा वेल देवळाच्या दारावर चढवितो. काय ते त्यांनी समजावे! किपलिंगचा गोंडही परक्याच्या नजरेतलाच, पण त्या भूमीचा जुना धनी तोच, ही जाणीव तेथे आहे. पडद्यावर येताना नेमकी तीच गळाली.

त्याच डिस्नेने २०१६ साली पॉलिनेशियातील दर्यावर्दी लोकांवर ‘मोआना’ काढला, तेव्हा काळ पालटला होता. दिग्दर्शक सामोआ, फिजी, ताहिती येथे हिंडले. तेथील जाणत्यांचे सल्लागार मंडळ नेमले गेले. संतापलेली मोआना नारळ फेकते असा एक प्रसंग योजिला होता. नारळाचा असा अवमान नको, असे ताहितीहून सांगण्यात येताच तो वगळला गेला. (नारळाचे माहात्म्य आपणांस कोणी समजावयास नको.) चित्रपट ताहितीयन, माओरी व हवाईयन भाषांतही निघाला. तरीही तक्रारी उरल्याच. बेटाबेटांच्या निरनिराळ्या चालीरीतींची सरमिसळ झाली, पुराणपुरुष मावी अवाढव्य, विनोदी करून टाकला, असे आक्षेप आले. आणि मावीची तपकिरी कातडी व गोंदण छापलेला मुलांचा पोशाख तर निषेधामुळे बाजारातून परत घ्यावा लागला. विचारणे आणि ऐकणे यांतले अंतर धंद्याला सहजी तोडता येत नाही. मात्र विचारले गेले, म्हणूनच नाही म्हणता आले.

गोंडांपाशी मावीच्या तोडीची कथा नाही काय? गुहेत कोंडलेल्या गोंडांस सोडविणाऱ्या लिंगोची गाथा परधान पिढ्यान्‌पिढ्या गात आले. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती टिपून ठेविली आणि १८६३ साली त्यांचा बुडून मृत्यू झाल्यावर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये ती छापली. हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात सर्वांस ठाऊक. लिंगोचे नाव किती नागपूरकरांस ठाऊक असेल?

उद्या कोणी लिंगोवर व्यंगचित्रपट काढावयास निघाला तर पहिल्याच चित्राशी अडेल. टेम्पल यांनी छापलेल्या पाठात गोंडांना कोंडणारा महादेव आहे. तो कसा रेखाटावा? नागपूरचे मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंड अभ्यासकांनी लिंगोला कोया पुनेम या स्वतंत्र धर्माचा संस्थापक मानले. त्यांची मांडणी धरावी की मिशनऱ्याच्या वहीतील? आणि पात्रांनी बोलावे कोणत्या भाषेत? २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदविलेली गोंडी अद्याप घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. मुंबईच्या स्टुडिओत बसून हे ठरविता येणार नाही. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेपाशी माघ पौर्णिमेला नाना राज्यांतून गोंड जमतात, ते लिंगोने सोडविलेल्या पूर्वजांच्या स्मरणार्थच. चित्रकाराने कागद-पेन्सिल घेऊन आधी तेथे जावे.