मिठाला आत नेणारी साखर

जुलाब झाले की गोड नको म्हणतात, मग ओआरएसमध्ये ग्लुकोज कशाला, असं एका वाचकाने विचारलं आहे. ‘ताकद यावी म्हणून’ हे नेहमीचं उत्तर चूक आहे. लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम. त्यातून ताकद ती किती मिळणार!

ते असतं मिठासाठी. आतड्याच्या पेशीचं पटल मेदाचं, त्यातून सोडियम आपणहून पार होत नाही. त्याला आत घेणारं एक प्रथिन पटलात बसलेलं असतं, एसजीएलटी-१. बँकेचा लॉकर ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही, तसंच याचं. सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू, दोघंही हजर असले तरच दोघांना प्रवेश. त्यांच्या मागोमाग पाणी जातं. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून सोडियम सतत बाहेर काढत असतो, म्हणून आत नव्या सोडियमला जागा राहते. ही सोडियम-ग्लुकोजची जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली.

पटकीचं विष पेशीत शिरलं की पटलातल्या क्लोराइडच्या वाहिन्या उघड्याच राहतात. क्लोराइड बाहेर, पाठोपाठ सोडियम आणि पाणी. काही तासांत माणूस दगावू शकतो. एसजीएलटी-१ मात्र या विषाच्या तडाख्यातून सुटतं, आणि ओआरएसचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे.

हे विष असतं, हे सिद्ध केलं कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी. त्यांच्याविषयी लिहिताना माझा हात आवरत नाही. पटकीत आतड्याचं अस्तरच सोलून निघतं, असा तेव्हा समज होता. तसं असतं तर तोंडाने काही देण्यात अर्थच नव्हता. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा जागेवरच दोन्हीकडून बांधला आणि त्यात जंतू गाळून काढलेला द्रव सोडला. जंतू एकही नाही, तरी तुकडा पाण्याने टम्म फुगला! १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. महागडं यंत्र नाही, फक्त नेमका प्रश्न. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं. १९८५ मध्ये डे गेले, तोवर देशाने त्यांची दखल घेतली नव्हती. ही आपली नामुष्की आहे.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या लोंढ्यात पटकी पसरली, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून हजारोंना वाचवलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेही २०२३ मध्ये, मरणोत्तर.

आता वाचकांना एक विनंती. साखर प्रमाणाबाहेर गेली की ती आतड्यातच राहते आणि उलट पाणी खेचून घेते. म्हणून जुलाबात डब्यातले गोड रस देऊ नका आणि ओआरएसच्या पुडीत वरून साखर घालू नका. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या, पुडी अख्खी वापरा.