गर्द, मेंदू आणि परतीची वाट



वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. त्यामुळे कारंजा (घाडगे) काय किंवा आर्वी, आष्टी काय, आपल्याकडे शाळेत व्यसनाचा विषय निघाला की तो बहुधा दारू आणि खर्रा यांच्याभोवतीच फिरतो. दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो. अनेक शाळांत त्या दिवशी शपथ होते, कवटीची चित्रे काढली जातात, घोषणा दिल्या जातात. हे सारे चांगलेच आहे. पण एखाद्या मुलाचा मोठा भाऊ त्या विळख्यात आधीच सापडलेला असेल, तर त्याला या शपथेतून काय मिळते? ‘माझा भाऊ वाईट आहे’ एवढेच तो शिकला, तर तो घरातली गोष्ट कोणाजवळही बोलणार नाही. म्हणून या लेखात आपण शपथेच्या थोडे पुढे जाऊ. अफू आणि तिच्या भावंडांचे व्यसन शरीरात नेमके कसे रुजते, ते का सुटत नाही आणि कशाने सुटू शकते, हे समजून घेऊ.

खसखशीच्या बोंडापासून गर्दपर्यंत

आपल्या स्वयंपाकघरातली खसखस आणि अफू एकाच झाडापासून मिळतात. खसखस म्हणजे त्याचे वाळलेले बी. त्यात नशा नसते म्हटले तरी चालेल. अफू म्हणजे कच्च्या बोंडाला चिरा पाडल्यावर पाझरणारा आणि मग वाळलेला चीक. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर, नीमच या भागांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते, कारण तिच्यापासून मौल्यवान औषधे बनतात. १८०५ च्या सुमारास सेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. १८७४ मध्ये लंडनमध्ये राइट या रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फिनवर प्रक्रिया करून एक नवा पदार्थ तयार केला. बायर कंपनीने १८९८ मध्ये तो ‘हेरॉइन’ या नावाने चक्क खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणला! ब्राउन शुगर किंवा गर्द म्हणजे याच हेरॉइनचे भेसळयुक्त, अशुद्ध रूप.

अफूपासून निघालेले किंवा तिच्यासारखेच काम करणारे हे सारे पदार्थ ‘ओपिऑइड’ या एका कुळात मोडतात. खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन आणि वेदनाशामक ट्रॅमाडॉल हीही याच कुळातली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या भारतीयांपैकी सुमारे २.१ टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींच्या वर लोक ओपिऑइड घेत होते. त्यांत हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, औषधी गोळ्या-द्रव्ये घेणारे ०.९६ टक्के आणि अफू घेणारे ०.५२ टक्के. (काहीजण एकाहून अधिक पदार्थ घेतात, म्हणून बेरीज जास्त भरते.) हे आकडे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतल्या अंधाऱ्या गल्ल्यांचा राहिलेला नाही. औषधाच्या बाटलीतून आणि गोळ्यांच्या पाकिटातून तो कुठेही पोचू शकतो.

मेंदूत आधीच असलेले कुलूप

झाडाच्या चिकाचा आपल्या मेंदूवर एवढा परिणाम का व्हावा? १९७३ मध्ये कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूतल्या चेतापेशींवर अफूसाठी जणू मुद्दाम बसवलेली कुलपे आहेत, हे दाखवून दिले. या कुलपांना ‘ग्राही’ म्हणतात. निसर्गाने ती अफूसाठी केलेली असणे शक्यच नव्हते. मग त्यांची खरी किल्ली कोणती? १९७५ मध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना ती सापडली. शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करते! अशा द्रव्यांच्या एका गटाला एंडॉर्फिन म्हणतात. मार लागल्यावर किंवा फार श्रम झाल्यावर ही द्रव्ये वेदनेची धार कमी करतात.

हे ग्राही वेगवेगळ्या ठिकाणी असतात. वेदनेच्या मार्गावर असतात, म्हणून मॉर्फिनने वेदना थांबते. आतड्यात असतात, म्हणून अफूने जुलाब थांबतात आणि नेहमी घेणाऱ्याला बद्धकोष्ठ होतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्रातही असतात, म्हणून मात्रा जास्त झाली की श्वास मंदावत जाऊन थांबतो. ओपिऑइडने येणारा मृत्यू बहुतेक वेळा असाच येतो. आणखी एक ठिकाण म्हणजे मेंदूतली ‘पुन्हा कर’ असे सांगणारी यंत्रणा. भूक लागल्यावर जेवलो, आईने जवळ घेतले, की तिथे डोपामिन हे द्रव्य पाझरते आणि ‘हे जगायला उपयोगाचे आहे, लक्षात ठेव’ अशी नोंद होते. गर्द या यंत्रणेचा ब्रेकच सैल करते. डोपामिनचा लोट येतो आणि जगण्याला काडीचाही उपयोग नसलेली गोष्ट मेंदूच्या वहीत सर्वांत महत्त्वाची म्हणून लिहिली जाते.

रस्सीखेच

आता व्यसनाच्या मुख्य कोड्याकडे येऊ. सुरुवातीला मजा म्हणून घेणारा माणूस पुढे मजा येत नसतानाही का घेत राहतो?

मैदानावरची रस्सीखेच आठवा. एका बाजूने गर्द ओढते : झोप आणते, श्वास मंद करते, आतडे सुस्तावते. शरीर आपला तोल सोडायला तयार नसते. ते दुसऱ्या बाजूने ओढू लागते. चेतापेशी आपली अंतर्गत रचना बदलतात, ग्राहींची संवेदना बोथट करतात. परिणामी तेवढ्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागते. याला ‘सहनता वाढणे’ म्हणतात. दोन्ही बाजू सारख्या ताकदीने ओढत असल्या की दोर जागचा हलत नाही. माणूस वरवर ठीक दिसतो. मग एके दिवशी गर्द मिळत नाही. समोरच्यांनी दोर अचानक सोडला, तर पाय रोवून मागे झुकलेल्या संघाचे काय होते? तो धाडकन मागे कोसळतो. शरीराचे तसेच होते. सगळी लक्षणे गर्दच्या नेमकी उलट दिसतात. जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात पिळा, जुलाब, हाडे मोडल्यासारखी दुखणे, झोप नाही. नशा करणारी मुले याला ‘टर्की’ म्हणतात. हेरॉइनची टर्की शेवटच्या मात्रेनंतर ८ ते १२ तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरते.

म्हणजे जुना व्यसनी पुडी घेतो, ती बऱ्याचदा आनंदासाठी नव्हे, तर त्या दिवशी उभे राहता यावे म्हणून. ‘याच्यात इच्छाशक्तीच नाही’ असे म्हणणे सोपे आहे. पण पुडीसाठी घरातली भांडी विकणारा मुलगा पुढची टर्की टाळण्यासाठी जेवढी धडपड करतो, तेवढी इच्छाशक्ती आपल्यापैकी किती जणांत असेल? चोरी ही चोरीच. पण ती का झाली, हे कळल्याशिवाय ती थांबवता येत नाही.

दहा दिवस कोंडून का भागत नाही

टर्की दहा दिवसांत संपते, तर मुलाला दहा दिवस कोंडून ठेवले की झाले, असे पुष्कळ पालकांना वाटते. इथे दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण अशी की टर्की ओसरली, तरी मेंदूच्या वहीतली नोंद पुसली जात नाही. जुना मित्र, ठरावीक पानटपरी, चांदीच्या कागदाचा तुकडा दिसला तरी ओढ उफाळून येते. हे महिनोन्‌महिने चालते. दुसरी अडचण जीवघेणी आहे. नशेपासून दूर राहिल्यावर सहनता झपाट्याने उतरते. त्या काळानंतर त्याने जुन्याच मात्रेत एकदा जरी घेतले, तरी श्वास थांबू शकतो. तुरुंगातून किंवा केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. ही एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवी. अशा वेळी माणूस हाक मारून जागा होत नसेल, श्वास अगदी मंद असेल, ओठ निळसर पडले असतील, तर त्याला झोपू देऊ नये. कुशीवर वळवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि श्वासावर लक्ष ठेवावे. रुग्णालयात नॅलॉक्सोनचे इंजेक्शन दिले, की तो काही मिनिटांत श्वास घेऊ लागतो.

तीन किल्ल्या

उपचारांची औषधे समजायला पुन्हा कुलपाकडे जाऊ. पहिली किल्ली कुलपात बसते आणि पूर्ण फिरते : हेरॉइन आणि मेथाडोन अशा किल्ल्या आहेत. दुसरी बसते, पण अर्धीच फिरते : ती ब्युप्रेनॉर्फिन. तिसरी बसते, पण मुळीच फिरत नाही, उलट दुसऱ्या किल्लीला आत येऊ देत नाही : नॅलॉक्सोन आणि गोळीच्या रूपात मिळणारे नॅलट्रेक्सोन.

ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली विरघळवतात. अर्धीच फिरणारी किल्ली असल्याने टर्की थांबते, ओढ कमी होते, पण ठरावीक मर्यादेपुढे परिणाम वाढत नाही. त्यामुळे श्वास थांबण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. मात्र त्याच्या जोडीला झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेतली, तर धोका उरतोच. मेथाडोनचा असा वापर न्यूयॉर्कमध्ये डोल आणि नायस्वान्डर यांनी १९६० च्या दशकात सुरू केला. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. नॅलट्रेक्सोन मात्र शरीर पूर्ण नशामुक्त झाल्यावरच देतात. आधी दिले, तर टर्की उसळते.

यावर शिक्षक आणि पालक एक रास्त शंका घेतात : हे एक व्यसन सोडवून दुसरे लावणे नव्हे काय? फरक असा आहे. पुडीवर जगणाऱ्याचा दिवस दर काही तासांनी चढतो आणि कोसळतो. त्याला मात्रा माहीत नसते, भेसळ माहीत नसते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत औषध घेणारा माणूस कामावर जाऊ शकतो, पोरांचा अभ्यास घेऊ शकतो. अनेक देशांतल्या पाहण्यांत असे आढळले, की उपचार चालू असताना मृत्यूचे प्रमाण उपचाराबाहेरच्या काळापेक्षा निम्म्याहूनही कमी होते. मधुमेह्याला आपण ‘इन्शुलिनचा व्यसनी’ म्हणत नाही. औषध किती काळ घ्यायचे, महिने की वर्षे, हे डॉक्टर आणि रुग्ण मिळून ठरवतात. घाईने बंद केले, तर माणूस पुन्हा घसरतो.

माणसांचे औषध

औषध कुलपापुरते काम करते. वहीत नवी पाने लिहायला माणसे लागतात. महाराष्ट्रात हे काम ज्या संस्थांनी उभे केले, त्यांत पुण्याचे मुक्तांगण अग्रणी आहे. १९८० च्या दशकात गर्दची लाट महाराष्ट्रातल्या शहरांत आली. अनिल अवचट यांनी या व्यसनावर लिहिले. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात दिला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने हे केंद्र सुरू झाले. त्यांचे निधन १९९७ मध्ये झाले, पण काम थांबले नाही. शारीरिक उपचार, समुपदेशन, योग, कामाची सवय, बरे झालेल्या मित्रांचा आधार, कुटुंबीयांशी बोलणे आणि नंतरचा पाठपुरावा अशी ही पद्धत आहे. व्यसनी माणसाला माणूस म्हणून वागवणे हा तिचा पाया आहे.

परिस्थितीचे बळ किती असते, याचे उदाहरण व्हिएतनाम युद्धाचे आहे. ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास केला. तिकडे असताना साधारण पाचातला एक सैनिक हेरॉइनच्या आहारी गेला होता. मात्र घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. याचा अर्थ उपचार नकोत असा नव्हे. जागा, सोबत आणि उद्याची आशा बदलली, तर मेंदूही बदलू शकतो, हा त्याचा अर्थ.

आपल्या गावातून पुढे कुठे?

कारंजा (घाडगे) नागपूर-अमरावती महामार्गावर आहे, त्यामुळे मदत दूर असली तरी आवाक्यात आहे. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामची महात्मा गांधी वैद्यकीय संस्था किंवा नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे मानसोपचार विभागात चौकशी करता येते. फोनवर विचारायचे तर १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांक आणि १४४१६ हा टेली-मानस क्रमांक आहे. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे गप्प बसतात. त्यांना सांगावे, की १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे ६४ अ हे कलम आहे. खासगी केंद्र निवडताना डॉक्टर आहेत का, घरच्यांना भेटू देतात का, हे पाहावे. साखळीने बांधणे हा उपचार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला बंदी आहे.

एक सावधगिरीही हवी. कर्करोगाच्या रुग्णाला डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन हे व्यसन नव्हे. भीतीपोटी त्याची वेदना वाढू देणे अन्यायाचे होईल.

वर्गात करून पाहा

१. दोरखंड घेऊन मैदानावर रस्सीखेच घ्या. सहनता आणि टर्की मुलांना त्यावरून समजावून सांगायला लावा. (दोर प्रत्यक्ष सोडू नका, फक्त काय होईल ते विचारा!)

२. एक कुलूप आणि तीन किल्ल्या पुठ्ठ्यात कापून तीन प्रकारची औषधे दाखवा.

३. उरलेली वेदनाशामके आणि खोकल्याची औषधे घरात कुठे ठेवलेली असतात, हे मुलांनी घरी जाऊन पाहावे.

४. चर्चेसाठी प्रश्न : ‘व्यसनी’ म्हणण्याऐवजी ‘व्यसनाने आजारी’ म्हटले, तर आपल्या वागण्यात काय फरक पडेल?

चर्चेच्या वेळी कोणालाही घरचे अनुभव सांगायला लावू नये. तास संपल्यावर एखादे मूल रेंगाळले, तर त्याच्यासाठी पाच मिनिटे काढावीत. त्याच्या भावाच्या परतीच्या वाटेवर भेटणारे पहिले माणूस कदाचित आपणच असू.