दुसरे प्रमाणपत्र कोणते?

संगणकांच्या जोडणीच्या, म्हणजे नेटवर्किंगच्या, व्यवसायात शिरू पाहणाऱ्या तरुणापुढे पहिल्या प्रमाणपत्राचा प्रश्न सहसा नसतो. बारावीनंतर किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षात गावातल्या एखाद्या संस्थेत ‘हार्डवेअर-नेटवर्किंग’चा अभ्यासक्रम तो पुरा करतो. संगणक उघडणे, रॅमची पट्टी बदलणे, केबलच्या टोकाला आरजे-४५ कनेक्टर बसविणे त्याला येऊ लागते. खरा गोंधळ त्यानंतर उडतो. पुढची परीक्षा कोणती? संस्थाचालक एक नाव सांगतात, अमेरिकेत असलेला मावसभाऊ दुसरेच सांगतो. आणि पैसे मोजायचे असतात ते वडिलांनी, ज्यांना या दोन नावांतला भेद ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. अभ्यासक्रम पुरा केल्याचा संस्थेचा कागद आणि प्रमाणपत्र या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. टंकलेखनाच्या संस्थेत सहा महिने जाऊन आला म्हणून कोणी मुलगा चाळीस शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झाला, असे आपल्याकडे कोणीही मानीत नाही. संस्था शिकविते, परीक्षा घेणारी यंत्रणा निराळी असते. येथेही तसेच आहे. ‘सीसीएनए’ ही सिस्को या कंपनीची परीक्षा. ती पिअर्सन व्ह्यू या संस्थेमार्फत होते आणि तिचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून अधिक, शिवाय कर वेगळा. हे शुल्क शिकवणीच्या शुल्कात धरलेले आहे की नाही, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशी क्वचितच विचारला जातो. पुढे मुलाखतीत प्रमाणपत्राचा क्रमांक मागितला की संस्थेची रंगीत चौकट निरुपयोगी ठरते.

आता निवडीकडे वळता येईल. या पायरीवर मुख्यतः दोन परीक्षा समोर येतात. ‘कॉम्पटिया’ या अमेरिकन संस्थेची ‘नेटवर्क प्लस’ ही कोणत्याही एका कंपनीच्या यंत्रांशी बांधलेली नाही. तीत संकल्पनांवर भर आहे. सीसीएनए १९९८ साली सुरू झाली. तिच्यात त्याच संकल्पना आहेत, पण त्यांच्या जोडीला सिस्कोच्या स्विच आणि राउटरवर प्रत्यक्ष आज्ञा देण्याचे कौशल्यही अपेक्षित असते. २०२० च्या फेब्रुवारीत सिस्कोने तिच्या सुरक्षा, वायरलेस वगैरे अनेक शाखा मोडून एकच परीक्षा ठेवली. ज्याला दोहोंचे शुल्क भरणे परवडत नाही, आणि मराठी मध्यमवर्गात ते परवडणारे थोडेच, त्याने नेटवर्क प्लसचे पुस्तक वाचावे आणि परीक्षा मात्र सीसीएनएची द्यावी. आपल्याकडच्या जाहिरातींत तेच नाव अधिक आढळते, आणि ती उत्तीर्ण झालेल्याला नेटवर्क प्लस कोणी वेगळी मागत नाही.

परदेशातून येणारा सल्ला बहुधा ‘सिक्युरिटी प्लस’चा असतो. तो खोटा नाही. पण तो ज्या भूमीत उगवला ती भूमी वेगळी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ च्या नियमपुस्तिकेने आपल्या संगणक-सुरक्षेच्या कामांसाठी ठरावीक प्रमाणपत्रे आवश्यक केली. सिक्युरिटी प्लस त्यांत होते. त्या खात्याच्या कंत्राटांवर जगणाऱ्या कंपन्यांची संख्या लहान नाही, म्हणून तिकडे त्या कागदाला विशेष भाव आला. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातील किंवा नाशिकच्या सहकारी बँकेतील नोकरीला तो नियम लागू नाही. शिवाय ज्याला जाळ्यातील वाहतूक कशी चालते हे नीट ठाऊक नाही, त्याने तिच्यावर पहारा कसा ठेवावा?

याच्या उलट टोकाची घाईही दिसते. सीसीएनपी या वरच्या परीक्षेसाठी सीसीएनए उत्तीर्ण असण्याची अट २०२० पासून उरलेली नाही. अनुभवी माणसाची सोय व्हावी म्हणून काढलेल्या या अटीचा काही वर्गांनी भलताच अर्थ लावला असून, नवख्या मुलांना दोन्ही अभ्यासक्रम एकत्र, ‘सवलतीत’ विकले जातात. ज्याने अजून एकही चालती कचेरी सांभाळलेली नाही, त्याच्या हाती सीसीएनपीचा कागद पाहून मुलाखत घेणारा प्रभावित होत नाही; संशयी होतो.

हा संशय निराधार नाही. जुन्या प्रश्नांचे ‘डम्प’ पाठ करून परीक्षा देण्याची रीत सर्वत्र बोकाळली आहे. ते उघडे पडायला मात्र एक साधा प्रश्न पुरतो. शाखेतील एका संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, असे दिसले तर काय समजावे? पाठांतर केलेला मुलगा गप्प बसतो. समजून शिकलेला सांगतो, की पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून या यंत्राला उत्तर मिळालेले नाही, म्हणून त्याने स्वतःच पत्ता घेतला आहे. आता केबल, स्विचचे पोर्ट, त्यावरचा व्हीलॅन आणि तो सर्व्हर क्रमाने तपासायचे. तीच गोष्ट पत्त्यांच्या विभागणीची. २५६ पत्त्यांच्या जाळ्याचे चार सारखे भाग केले तर प्रत्येकात ६४ पत्ते येतात, पण यंत्रांना देता येतात ६२. एक पत्ता त्या भागाचा स्वतःचा आणि एक सर्वांना एकदम साद घालण्याचा. हे गणित चौथीचे आहे; ते न अडखळता करता येणे मात्र सरावाचे.

या सरावाला पैसा लागत नाही, ही या विद्येची मोठी सोय. सिस्कोचा ‘पॅकेट ट्रेसर’ विनामूल्य मिळतो. त्यात पडद्यावरच राउटर मांडता येतात, जोडता येतात आणि मुद्दाम बिघडविता येतात. बिघडवून दुरुस्त करण्यातच निम्मे शिक्षण आहे. दोन-तीन महिने रोज दोन तास असा अभ्यास झाल्याखेरीज परीक्षेची तारीख घेणे म्हणजे पंचवीस हजारांचा जुगार.

प्रमाणपत्र ही मालमत्ता नव्हे, हेही वडीलधाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे. सीसीएनएची मुदत तीन वर्षांची; नेटवर्क प्लसचीही तितकीच. पदवीसारखे ते जन्मभर भिंतीवर टांगून ठेवता येत नाही. कंपन्यांचेही तसेच. १९९० च्या दशकात नॉव्हेल कंपनीच्या ‘सीएनई’ प्रमाणपत्राचा मोठा दबदबा होता. तिची नेटवेअर प्रणाली मागे पडली आणि त्या कागदाचे मोल गेले. मायक्रोसॉफ्टने तर आपली गाजलेली ‘एमसीएसई’ मालिका २०२१ च्या जानेवारीअखेर निवृत्तच केली. परंतु त्याच काळात ज्यांनी टीसीपी-आयपीचे नियम आणि इथरनेटची घडण समजून घेतली होती, त्यांचे ज्ञान आजही चलनात आहे. म्हणून एकामागून एक कागद गोळा करण्यात अर्थ नाही. दर तीन वर्षांनी त्या सर्वांचे भाडे भरावे लागते.

तिसऱ्या प्रमाणपत्राचा विचार पहिल्या नोकरीनंतर करावा. ती नोकरी बहुधा रात्रपाळीची असेल: देखरेख केंद्रात पडद्यावरचे लाल दिवे पाहण्याची, किंवा शाखाशाखांतून केबल तपासत हिंडण्याची. त्या कामात वर्ष काढले, की पुढचा रस्ता कचेरीच दाखविते. तेथे फोर्टिनेटचे फायरवॉल असतील तर त्या कंपनीची परीक्षा. सर्व्हर लिनक्सवर चालत असतील तर रेड हॅटची ‘आरएचसीएसए’, जी प्रश्नपत्रिकेवर नव्हे तर चालत्या यंत्रावर काम करून द्यावी लागते. सारा कारभार ॲमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर गेलेला असेल तर तिकडची. पुष्कळ कंपन्या अशा परीक्षांचे शुल्क स्वतः भरतात. त्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात विचारून ठेवावे.