बिनतारी खेळगाडीची नाडीपरीक्षा

पावसाळा सरला कीं नाशिकच्या भोंवतालचे डोंगर कांहीं दिवस हिरवे राहतात, आणि त्यांच्या पायथ्याच्या काळ्या शिळा धुऊन निघालेल्या असतात. अशा एका शिळेवर हातभर लांबीची खेळगाडी चढूं पाहत आहे, आणि दहापंधरा पावलांवर उभा असलेला एक मुलगा हातांतील पेटीवरून तिला वाट दाखवीत आहे, असें दृश्य कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. ही गाडी शर्यतीची नव्हे. एक चाक दगडावर टेकावें, तोल सांभाळावा, मग दुसरें उचलावें, अशा बेतानें ती चालते. इतक्यांत पुढचें चाक दोन दगडांच्या फटींत अडकतें, मुलगा तें वळवूं जातो, आणि गाडी एकाएकीं निश्चेष्ट होते. क्षणभरानें ती सावध होते. चाक वळवितांच पुन्हां मूर्च्छा. घरीं आणून टेबलावर ठेवावी, तर गाडी ठणठणीत!

मुलगा म्हणतो, लाटा पोहोंचत नाहींत, नवा ट्रान्समीटर पाहिजे. वडील म्हणतात, खेळणेंच टाकाऊ आहे. दोघांचेंहि निदान चुकीचें असण्याचा संभव मोठा आहे, आणि चुकीच्या निदानावर केलेला खर्च हा वायां जाणारा खर्च असतो.

प्रथम लाटांचा विचार करावा. बिनतारी लाटेकडून दूर अंतरावर काम करवून घेण्याची कल्पना जुनी आहे. १८९५ सालीं जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें भिंतींपलीकडे लाटा धाडून घंटा वाजविली व बंदुकीची दारू उडविली. १८९८ सालीं निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क येथें एक लहान नौका बिनतारी आज्ञेनें चालवून दाखविली. खेळगाड्यांत पूर्वीं २७ मेगाहर्ट्झच्या सुमाराच्या लाटा वापरीत. त्यांची लांबी सुमारें ११ मीटर असे. हल्लीं बहुतेक गाड्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतात, व या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांना भारतांत २००५ सालच्या नियमांनीं परवान्याची सूट मिळाली आहे. या लाटेची लांबी अवघी साडेबारा सेंटीमीटर. म्हणून रिसीव्हरच्या तारेचें शेवटचें उघडें टोंक लाटेच्या चौथ्या हिश्श्याएवढें, म्हणजे सुमारें ३ सेंटीमीटर असतें. तें तुटलेलें नसेल आणि धातूला किंवा बॅटरीला चिकटलेलें नसेल, तर दहापंधरा पावलांवर लाट पोहोंचत नाहीं असें सहसा होत नाहीं.

आतां गाडीच्या पोटांत डोकवावें. बॅटरीची वीज वेगनियंत्रकाकडे जाते, आणि तो ती मोटरीला मापून देतो. याच नियंत्रकांत आणखी एक लहान भाग असतो. तो बॅटरीचा दाब ५ किंवा ६ व्होल्टांवर उतरवून रिसीव्हरला आणि चाकें वळविणाऱ्या सर्व्होला पुरवितो. रिसीव्हर आपल्या आज्ञा विजेच्या ठोक्यांनीं कळवितो. असे ठोके सेकंदाला सुमारें ५० पडतात. दीड सहस्रांश सेकंदाचा ठोका म्हणजे चाक सरळ, एकाचा म्हणजे एका टोंकास, दोहोंचा म्हणजे दुसऱ्या टोंकास. हे ठोके बिनचूक पडण्यास रिसीव्हरला ठराविक दाब अखंड मिळाला पाहिजे.

तो कां मिळत नाहीं, हें वाड्यांतील नळांवरून ध्यानांत येईल. सकाळीं तळमजल्यावरचा नळ कोणी पुरा सोडला कीं माडीवरची धार बारीक होते आणि तुटते. टाकी रिकामी झालेली नसते, माडीवरचा नळहि बिघडलेला नसतो. दाब खालींच खर्ची पडतो. विजेचा दाब व्होल्टांत मोजतात, प्रवाह अँपिअरांत. अडकलेलें चाक वळवूं पाहणारा सर्व्हो हा तळमजल्यावरचा नळ, आणि रिसीव्हर ही माडी. जोरकस सर्व्हो अशा वेळीं कित्येक अँपिअर ओढतो. साध्या नियंत्रकांतील तो लहान भाग इतका प्रवाह पुरवूं शकत नाहीं. दाब कोसळतो, रिसीव्हर बंद पडतो आणि पुन्हां सुरू होतो. टेबलावर चाक मोकळें फिरतें, म्हणून तेथें रोग दिसतच नाहीं.

हें अनुमान पडताळून पाहणें सोपें आहे. गाडी ठोकळ्यावर अधांतरीं ठेवावी. रिसीव्हरच्या रिकाम्या खांचेंत मीटर जोडावा. एकानें पुढचें चाक हातानें धरावें, दुसऱ्यानें तें क्षणभर वळविण्याचा प्रयत्न करावा. ६ व्होल्टांचा कांटा ४ च्या खालीं गेला, तर कारण सांपडलें. आंकड्यांच्या मीटरमध्यें क्षणिक उतार निसटण्याचा संभव असतो; नीचतम आंकडा धरून ठेवणारा मीटर असल्यास उत्तम. दाब स्थिर असूनहि गाडी थांबत असेल, तर एकेक जोड हळूच हलवून पाहावा; कच्चा डाख आणि सैल खटका हेच बहुधा अपराधी निघतात. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

दाब कोसळत असेल, तर उपाय नव्या ट्रान्समीटरचा नव्हे. बॅटरीपासून थेट वीज घेऊन रिसीव्हरला व सर्व्होला पुरविणारा स्वतंत्र दाबनियामक बसवावा. त्याची शक्ति सर्व्होच्या कमाल ओढीहून अधिक असावी, आणि त्याचा दाब सर्व्होला व रिसीव्हरला सोसणारा असावा. वेगनियंत्रकाकडून रिसीव्हरकडे येणारी तांबडी तार मात्र सोडवून टोंक झांकून ठेवावें, म्हणजे दोन पुरवठे एकमेकांशीं झगडणार नाहींत.

सुधारणा करतांना पुष्कळांचा हात प्रथम बॅटरीकडे जातो. दोन घटांची ७.४ व्होल्टांची लिथियम बॅटरी काढून तीन घटांची ११.१ व्होल्टांची बसविली, कीं दाब दीडपट होतो. पण चाकें अडकलीं असतां मोटरींतील प्रवाहहि दीडपट होतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे सवादोनपट. डोंगरवाटेच्या गाडीला वेगापेक्षां संयम हवा. तिच्यासाठीं अधिक वेढ्यांची सावकाश मोटर, लहान दंतचक्र आणि पुरेसा दाबनियामक हा क्रम अधिक शहाणपणाचा.

लिथियमचा घट भरतांना ४.२ व्होल्टांच्या वर व वापरतांना ३ च्या खालीं जाऊं देऊं नये. निकेलच्या घटांसाठीं केलेल्या जुन्या नियंत्रकांत हा अटकाव नसतो. तो आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. फुगलेला घट पुन्हां भरूं नये, टोंचूं नये. तो विद्युत्कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावा. घट भरत असतां घरांतील मोठें माणूस जवळ असावें. नाशिकचा उन्हाळा ४० अंशांपर्यंत जातो. बंद मोटारींत ठेवलेल्या घटाला तेवढेंहि पुष्कळ होतें. त्याला आग लागली म्हणजे ती पाण्याच्या तांब्यानें विझत नाहीं.

आणखी एक शत्रु याच भूमींतला आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणांत मॅग्नेटाइट नांवाचें लोहखनिज असतें. गोदावरीच्या वाळूंत लोहचुंबक फिरविला, तर त्याला काळ्या कणांची दाढी येते. मोटरीच्या पोटांतहि चुंबक असतातच. झरोक्यांतून शिरलेले कण तेथें धरून राहतात आणि ब्रश घासून टाकतात. म्हणून फिरून आल्यावर मोटर कुंचल्यानें साफ करावी, आणि भिजली असल्यास वाळवून मगच ठेवावी.

शेवटीं एक परीक्षा प्रत्येक दुरुस्तीनंतर घ्यावी. चाकें अधांतरीं असतां ट्रान्समीटर बंद करावा; मोटर तत्काळ थांबली पाहिजे. न थांबल्यास गाडी माणसांत नेऊं नये. ती थांबली, तर पुढच्या रविवारीं तीच गाडी त्याच शिळेपाशीं न्यावी, चाक त्याच फटींत अडकूं द्यावें आणि वळवून पाहावें. निदान बरोबर होतें कीं नाहीं, तें ती शिळाच सांगेल.