ब्रिटनला वळसा

आयर्लंडहून युरोपच्या मुख्य भूमीवर माल नेण्याचा सर्वांत जवळचा रस्ता ब्रिटनमधून जातो. डब्लिनहून जहाजाने वेल्समधले होलीहेड, तिथून ट्रकने इंग्लंड आडवे कापून डोव्हर आणि पुन्हा जहाजाने फ्रान्समधले कॅले. सगळे जुळून आले तर वीस तासांच्या आत. वाहतूकदार या मार्गाला ‘लँडब्रिज’ म्हणतात. ब्रेक्झिटपूर्वी वर्षाला सुमारे दीड लाख ट्रक त्यावरून जात. जून २०२६मध्ये ब्रेक्झिटच्या सार्वमताला दहा वर्षे पुरी होतात. रस्ता आजही तिथेच आहे, पण त्यावर विसंबून वेळापत्रक आखणारे कमी झाले आहेत.

ब्रिटनवर विसंबण्याची किंमत आयर्लंडने ब्रेक्झिटआधीही मोजली होती. १९३२मध्ये आयर्लंडचे सरकारप्रमुख एमन डी व्हॅलेरा यांनी जमीनकर्जाचे हप्ते लंडनला पाठवणे थांबवले आणि ब्रिटनने आयरिश गुरांवर जकात बसवली. गिऱ्हाईक एकच, तेही रुसलेले. गोठ्यातल्या वासरांना कोणी विचारेना, तेव्हा सरकारने वासराच्या कातड्यामागे दहा शिलिंग देऊन ती मारायला लावली. १९३८मध्ये एक कोटी पौंडांवर तडजोड झाली आणि व्यापार पुन्हा त्याच बाजाराकडे वळला. १९६०च्या सुमारास आयरिश निर्यातीचा तीन-चतुर्थांश हिस्सा ब्रिटनकडेच जात होता.

मधल्या काळाची हकिकत अर्थशास्त्राच्या अनेक पुस्तकांत आहे. १९५९मध्ये शॅनन विमानतळालगत करमुक्त औद्योगिक क्षेत्र निघाले. पुढे कांडला आणि अंधेरीचे सीप्झ उभे राहिले ते याच कल्पनेवर. १९७३मध्ये आयर्लंड युरोपीय समुदायात गेले, १९९३च्या एकसंध बाजारपेठेने बंदरांवरची जकात तपासणी संपवली आणि अमेरिकी कंपन्या आल्या. त्यांतली डेलसारखी कंपनी २००९मध्ये लिमरिकचे उत्पादन उचलून पोलंडमधल्या वूचला निघूनही गेली. या काळातला एक निर्णय मात्र डोळ्यांआड करण्याजोगा नाही. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहिलेल्या आयर्लंडला माल आणायला पुरेशी जहाजे नव्हती, म्हणून १९४१मध्ये ‘आयरिश शिपिंग’ ही सरकारी कंपनी काढली होती. महागड्या भाड्याच्या जहाजांच्या करारांत ती फसली, तेव्हा नोव्हेंबर १९८४मध्ये सरकारने तिला वाचवण्याऐवजी दिवाळ्यात काढले. बेटावरच्या देशाने आपला व्यापारी ताफा हिशेबाच्या वहीतून खोडून टाकला, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे त्याची फारशी कोणाला खंत वाटली नाही. होलीहेडला ट्रक थांबत नव्हते, मग जहाज कोणाचे हे विचारायचे कशाला?

२३ जून २०१६च्या सार्वमताने हा प्रश्न परत आणला. प्रचाराच्या धामधुमीत लंडनच्या पुढाऱ्यांनी आयर्लंड आणि ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या सीमेची फारशी दखल घेतली नव्हती. सुमारे ५०० किलोमीटरची ही सीमा दोनशेहून अधिक रस्ते ओलांडतात. उत्तर आयर्लंडमधले सुमारे एक तृतीयांश दूध दक्षिणेतल्या कारखान्यांत जाऊन त्याचे लोणी, चीज, पावडर होते. या सीमेवर पुन्हा चौक्या आल्या असत्या तर दुधाच्या टँकरला कागद लागले असतेच, शिवाय १९९८च्या गुड फ्रायडे कराराने आलेली शांतताही धोक्यात आली असती. ब्रिटिश मंत्री तेव्हा तंत्रज्ञानाचा हवाला देत होते: कॅमेरे, आधी भरलेले अर्ज, विश्वासू व्यापाऱ्यांच्या याद्या. चौकीवाचून जकातसीमा चालवणारी अशी यंत्रणा जगात कुठे उभी आहे, ते मात्र कोणी दाखवले नाही.

या पेचातून निघालेली वाट एका मराठी आडनावाशी जोडली गेली आहे. आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. १० ऑक्टोबर २०१९ रोजी लिव्हरपूलजवळच्या थॉर्नटन मॅनरमध्ये वराडकर आणि ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन भेटले आणि अडलेली बोलणी पुढे सरकली. ठरले ते असे, की उत्तर आयर्लंड मालापुरते युरोपच्या नियमांत राहील आणि तपासणी जमिनीऐवजी आयरिश समुद्रावर, बंदरांत होईल. हे मान्य करून महिना उलटत नाही तोच जॉन्सन यांनी उत्तर आयर्लंडच्या व्यावसायिकांना सांगितले, की कोणी फॉर्म मागितला तर तो खुशाल कचऱ्यात टाका. फॉर्म आले, आणि ग्रेट ब्रिटनहून माल आणणाऱ्यांना ते भरावे लागले. ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या २०२३च्या ‘विंडसर फ्रेमवर्क’ या समझोत्याने ते कमी केले, रद्द केले नाहीत.

१ जानेवारी २०२१पासून ब्रिटन एकसंध बाजारपेठेबाहेर गेले. त्या महिन्यात ग्रेट ब्रिटनहून आयर्लंडला येणारा माल आदल्या जानेवारीच्या तुलनेत ६५ टक्क्यांनी घटला. काही घट आधीच्या साठेबाजीमुळे, काही कोविडमुळे. तरी डब्लिनमध्ये ब्रिटिश साखळीदुकानांच्या रिकाम्या फळ्या लोकांनी पाहिल्या त्या कागदांच्या घोळामुळेच. सर्वांत हाल झाले मिश्र मालाच्या ट्रेलरचे. एका ट्रेलरमध्ये अनेक गिऱ्हाइकांची खोकी असतात. त्यांतल्या एका खोक्यातल्या चीजचा आरोग्यदाखला नसला, की संगणक अख्ख्या ट्रेलरला लाल मार्ग दाखवतो आणि बाकीच्यांचे बिनतक्रार सामानही त्याच्याबरोबर बंदरात अडकते.

पिठाची गोष्ट तर आणखी नमुनेदार. आयर्लंडच्या ओल्या हवेत ब्रेडला लागतो तसा गहू फारसा पिकत नाही, म्हणून बेकऱ्यांचे बहुतेक पीठ ब्रिटिश गिरण्यांतून येई. त्या गिरण्या पिठाला ताकद यावी म्हणून कॅनडाचा गहू मिसळतात. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या व्यापार कराराने शून्य जकात दिली, पण मालाचा मूळ देश ठरवण्याचे नियमही घातले: बाहेरचा गहू १५ टक्क्यांहून जास्त असेल तर ते पीठ ब्रिटिश नव्हे, आणि त्यावर टनामागे १७२ युरो जकात. शून्य जकातीचा डांगोरा पिटणाऱ्यांनी हे कलम वाचून दाखवले नव्हते.

वाहतूकदारांनी मात्र पुढाऱ्यांची वाट पाहिली नाही. २ जानेवारी २०२१ रोजी वेक्सफर्ड परगण्यातल्या रॉसलेअरहून फ्रान्समधल्या डंकर्कसाठी डीएफडीएस या डॅनिश कंपनीची नवी फेरी सुटली. प्रवास चोवीस तासांच्या आसपास आणि भाडे जास्त. पण जकात नाही, रांग नाही आणि चालकाची सक्तीची विश्रांती जहाजावरच होते. ब्रेक्झिटपूर्वी रॉसलेअरहून युरोपला आठवड्याला मोजक्याच फेऱ्या होत्या. थोड्याच काळात त्या तिसावर गेल्या. उत्तर-दक्षिण व्यापारही फुगला: २०२१मध्ये उत्तरेकडून दक्षिणेत येणारा माल दीडपटीहून अधिक झाला. ताज्या मासळीसारख्या घाईच्या मालाला मात्र लांबच्या जहाजाचा वेळ परवडत नाही, आणि जुन्या मार्गाची हळहळ तिथेच सर्वाधिक आहे. ब्रिटनने स्वतःची आयात तपासणी वारंवार पुढे ढकलली; आयर्लंडहून येणाऱ्या मालाला पूर्ण जकात नियम लागू झाले ते ३१ जानेवारी २०२४ला, म्हणजे तीन वर्षे उशिरा.

डिसेंबर २०२४मध्ये धक्का धोरणाचा नव्हता, हवेचा होता. ‘डॅरा’ वादळाच्या दिवसांत होलीहेडचे जहाजांचे धक्के मोडले आणि ऐन नाताळच्या तोंडावर बंदर बंद पडले. पार्सले अडकली, ट्रक फिशगार्ड आणि लिव्हरपूलकडे वळवावे लागले. बंदर अंशतः उघडायला जानेवारीचा मध्य उजाडला. चार वर्षे पर्यायांची भाषा झाल्यावरही डब्लिनचा एवढा माल एका वेल्श बंदरावर टांगलेला होता.

तोवर चिंतेचे केंद्र अटलांटिकपलीकडे सरकले होते. २०२४मध्ये आयर्लंडने अमेरिकेला सुमारे ७३ अब्ज युरोंचा माल पाठवला, एकूण निर्यातीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि त्यात औषधे व रसायनांचाच वरचष्मा. डोनाल्ड ट्रम्प यांच्या आयातशुल्काच्या भीतीने मार्च २०२५मध्ये ही निर्यात आदल्या वर्षीच्या मार्चच्या चौपटीहून वर गेली. गिऱ्हाइकाची गरज रातोरात वाढली नव्हती. शुल्काआधी साठे भरले जात होते. ब्रिटनच्या सावलीतून सुटल्याचे कौतुक करणाऱ्या डब्लिनच्या अर्थखात्याने नवे विसंबणे मूठभर अमेरिकी कंपन्यांवर आणून ठेवले आहे, आणि त्यांच्याच करातून तिजोरी भरते आहे.

जुलै २०२५च्या करारात युरोपीय संघाच्या बहुतेक मालावर १५ टक्के अमेरिकी शुल्क ठरले. ब्रिटनने त्याआधीच १० टक्क्यांवर सौदा केला होता. त्यामुळे उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिम परगण्यातल्या बुशमिल्सची व्हिस्की १० टक्क्यांत आणि कॉर्कमधल्या मिडलटनची १५ टक्क्यांत बसली. दोन्ही बाटल्यांवर ‘आयरिश व्हिस्की’ असेच लिहिलेले असते.