विश्लेषण : ‘इरा’ या नावाचे अर्थ किती?

मुलीसाठी दोन अक्षरी नाव शोधताना ‘इरा’ हे नाव हमखास समोर येते. नावांच्या यादीत त्यापुढे बहुतेकदा ‘सरस्वती’ असे लिहिलेले असते. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

शब्द आला कुठून?
‘इरा’ हा वैदिक शब्द आहे. त्याचा जुना अर्थ अन्न, पेय, तृप्ती. अमरकोशात त्याचे चार अर्थ आहेत : भूमी, वाणी, पाणी आणि मद्य. वाणीवरून सरस्वती हा अर्थ आला. मद्याचा अर्थ नावांच्या यादीत सहसा दिसत नाही!

ऐरावताशी नाते काय?
‘इरावती’ म्हणजे पाण्याने भरलेली. पंजाबातील रावी नदीचे हे जुने नाव. इंद्राच्या ऐरावताचे नावही याच कुळातले. म्यानमारच्या इरावती नदीचे नाव याच संस्कृत शब्दावरून आल्याचे मानले जाते. मानववंशशास्त्रज्ञ आणि ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ मध्ये तेव्हाच्या ब्रह्मदेशात झाला. त्यांचे नाव या नदीवरूनच ठेवले गेले.

इतर भाषांत काय?
हिब्रूत ‘इरा’ हे पुरुषाचे नाव असून अर्थ आहे ‘सावध’. अमेरिकी गीतकार आयरा गर्श्विन यांचे नाव हेच. रशियात ‘इरा’ हे इरिनाचे लाडके रूप. त्याचे मूळ ‘शांती’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. लॅटिनमध्ये मात्र ‘इरा’ म्हणजे राग. उच्चार सारखा असला तरी या शब्दांचा संस्कृत ‘इरा’शी संबंध नाही.

नोंदणी करताना काय पाहावे?
मूळ शब्दातला ‘इ’ ऱ्हस्व आहे. इंग्रजी स्पेलिंग ‘आय-आर-ए’ असे केल्यास परदेशात ‘आयरा’ असा उच्चार होऊ शकतो. जन्मनोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत दाखल्यात नाव विनाशुल्क घालता येते. पुढे विलंब शुल्क लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, आधार अशा कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. त्यावरचे स्पेलिंग पुढे प्रत्येक कागदावर जाते. म्हणून अर्थासोबत स्पेलिंगही आधीच पक्के करणे हिताचे.